हेड गॅस्केट बदलणी व बोल्ट-आवळणी (खानदेश)

हेड गॅस्केट बदलणी : अंतर्ज्वलन इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे सिलिंडर हेड यांमधील जुने गॅस्केट काढून नवे घालणे आणि हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या ताणापर्यंत आवळणे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतल्या गॅरेजांत या गॅस्केटला ‘हेड पॅकिंग’ म्हणतात आणि ते निकामी झाले की ‘पॅकिंग गेलं’ असे सांगतात. सिलिंडरमधला जळता वायू, थंडाव्याचे पाणी आणि वंगणाचे तेल या तिन्हींना एकाच पातळ थराने एकमेकांपासून दूर ठेवायचे असते. १०० मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये ८० बार दाब झाला, तर हेडला वर ढकलणारे बल सुमारे ६.४ टन भरते. हा धक्का गॅस्केट स्वतः पेलत नाही. तो बोल्टांच्या ताणावर पेलला जातो, गॅस्केट फक्त सांधा बंद ठेवते.

खानदेशात हा बिघाड बहुतेक वेळा इंजिन तापण्यातून येतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि त्यांवरच्या मालमोटारींना बिजासन, कोंडाईबारी असे घाट भरल्या गाडीने चढावे लागतात. त्यात रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरले की पाण्याच्या वाटांत क्षार साचतात आणि उष्णता बाहेर पडत नाही. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड असेल, तर दोन्हींचे प्रसरण सारखे होत नाही : ५०० मिमी लांबीचे हेड ८० अंशांनी तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त वाढते. ही घासाघीस गॅस्केटलाच सोसावी लागते. काही जाणकार दोष सैल बोल्टांवर ठेवतात. तथापि तापणे हे मूळ आणि सैलपणा हा त्याचा परिणाम, हे मत अधिक ग्राह्य वाटते. थर्मोस्टॅट, पंखा, पाण्याचा पंप व रेडिएटर न तपासता नुसते पॅकिंग बदलले, तर त्याच कारणाने नवेही जाते.

बोल्ट व टॉर्क : बोल्ट आवळताना तो किंचित लांबतो आणि स्प्रिंगप्रमाणे परत आखडू पाहतो. हेडला ब्लॉकवर दाबून धरणारे बल ते हेच. पान्यावर मोजला जातो तो मात्र टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, आणि त्यातला मोठा भाग घर्षणात खर्च होतो. ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, सुमारे ४० टक्के आट्यांत जातो. ताण निर्माण करायला जेमतेम १० टक्के उरतो. म्हणूनच आट्यांची स्थिती हातातल्या ताकदीपेक्षा महत्त्वाची. टॉर्क म्हणजे ताण, बोल्टचा व्यास आणि घर्षणावर अवलंबून असणारा एक गुणक यांचा गुणाकार. १२ मिमीच्या बोल्टला १०० न्यूटन-मीटर टॉर्क दिला आणि गुणक कोरड्या आट्यांचा ०.२० धरला, तर ताण साधारण ४२ किलोन्यूटन येतो. तेल लावून गुणक ०.१५ वर आला, तर त्याच आकड्याला ताण ५५ किलोन्यूटनांच्या पुढे जातो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने अधिक. आटे कोरडे ठेवावेत की तेलाचे, हा वाद गॅरेजांत जुना आहे. त्याला सार्वत्रिक उत्तर नाही : निर्मात्याने आकडा ज्या स्थितीसाठी दिला असेल, त्याच स्थितीत तो लागू पडतो. गंजलेल्या, माती भरलेल्या आट्यांना कोणताच आकडा लागू पडत नाही. जुन्या पुस्तिकांतील किलोग्रॅम-मीटर हे एकक ९.८१ न्यूटन-मीटरांचे आणि फूट-पाउंड सुमारे १.३६ न्यूटन-मीटरांचे. या एककांची गल्लत झाल्याने बोल्ट तुटतात किंवा ब्लॉकचे आटे उपटून येतात.

टॉर्क पान्याचा उगम : याविषयी एकमत नाही. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनरॅड बार यांनी जलवाहिन्यांच्या जोडांवरील बोल्ट कमी-जास्त आवळले जातात हे पाहून १९१८ मध्ये मर्यादित टॉर्कचे साधन तयार केले, असे सर्वसाधारणपणे लिहिले जाते. हे वर्ष मुख्यतः खुद्द बार यांच्या दाव्यावर आधारलेले आहे. पेटंटांच्या क्रमाने पाहिल्यास शिकागोचे जॉन शार्प यांचा १९३१ मधील अर्ज आधीचा ठरतो. त्यांचा पाना टॉर्क दाखवणारा होता. बार व जॉर्ज फेफर्ले यांचा, ठरलेल्या टॉर्कला आवाज करणारा समायोज्य पाना १९३० च्या दशकाच्या मध्यास येतो. त्याच दशकात क्रायसलर कंपनीच्या परवान्याने पॉल स्टर्टेव्हंट यांनी असे पाने विकले, आणि मोटार उद्योगातील प्रसाराचे श्रेय काही लेखक त्यांनाच देतात. मर्यादा घालणारे साधन आणि मोजणारे साधन वेगळे धरले, तर या दाव्यांत फारसा विरोध उरत नाही. काट्याचा किंवा दांडी वाकून आकडा दाखवणारा पाना स्वस्त आणि क्वचितच बिघडणारा. टक् असा आवाज करणारा पाना वापरून झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर त्याची स्प्रिंग बसते.

गॅस्केटचे प्रकार : जुन्या मोटारी व ट्रॅक्टरांत तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस भरलेले गॅस्केट असे. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांना घातक असल्याने युरोपीय संघात २००५ पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. जुन्या इंजिनावरचे असे गॅस्केट कोरडे खरवडू नये. ओले करून, धूळ न उडवता काढावे. पुढे ग्राफाइटची संमिश्र गॅस्केटे आणि साधारण १९९० च्या दशकापासून पोलादी पत्र्यांची बहुस्तरीय गॅस्केटे रूढ झाली. बहुस्तरीय गॅस्केटाला पृष्ठभाग आरशासारखा लागतो, संमिश्राला थोडा खरखरीतपणा चालतो. दोन्हींवर शेलॅक किंवा सिलिकॉन थापण्याची सवय, निर्मात्याने सांगितले नसल्यास, घातकच.

पद्धत : हेड इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उतरवावे, उन्हाळ्यात त्यासाठी गाडी रात्रभर उभी ठेवलेली बरी. बोल्ट सोडताना क्रम आवळणीच्या उलटा : कडेचे बोल्ट आधी, मधले शेवटी, आणि प्रत्येक बोल्ट एकदम न काढता थोडा-थोडा सैल करत. काढलेले गॅस्केट फेकण्याआधी उजेडात धरून पाहावे. दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर काळा ओरखडा असेल तर वायू तिथूनच निसटत होता, आणि हेड-ब्लॉकवर नेमकी तीच जागा तपासावी. हेडवर सरळ पोलादी मोजपट्टी आडवी, उभी व तिरकी ठेवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजण्याची ठरावीक जाडीची पातळ पाती) घालतात. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिमीच्या पुढे फट गेली की हेडला लेथवर किंवा ग्राइंडरवर फेस मारावा, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करावा, लागतो. एमरीची चकती फिरवून ॲल्युमिनियम चकचकीत करण्याने खोलगे पडतात, शिवाय तिची भुकटी तेलात जाऊन बेअरिंग खाते. वेट लायनर (बाहेरून थेट पाण्यात बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या) असतील तर ते ब्लॉकच्या वर किती उभे आहेत, तेही मोजावे. बोल्टांच्या, तळ बंद असलेल्या भोकांतले पाणी-तेल हवा मारून काढावे, कारण भोकात द्रव राहिला आणि बोल्ट पिळला, तर ब्लॉक चिरू शकतो.

नवे गॅस्केट ‘वर’ची खूण पाहून डॉवेलवर (ब्लॉकवरच्या जागा नेमणाऱ्या खुंट्यांवर) बसवतात. आवळणी मधल्या बोल्टांपासून सुरू होऊन आळीपाळीने बाहेर जाते आणि निदान तीन टप्प्यांत पूर्ण होते. पाना अडखळत न ओढता एकसारखा ओढावा. आधुनिक इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट ९० अंश, मग पुन्हा ९० अंश असा कोनाने फिरवतात. असा बोल्ट कायमचा ताणला जाण्याच्या मर्यादेपर्यंत जातो, म्हणून तो पुन्हा वापरत नाहीत.

विहिरीवरची एक-सिलिंडर ऑइल इंजिने : इंग्लंडमधील लिस्टर कंपनीच्या १९२९ च्या सुमाराच्या मंदगती इंजिनाच्या धर्तीवर राजकोटला मोठ्या संख्येने इंजिने बनली. त्यांत गॅस्केटची जाडी पिस्टन आणि हेड यांच्यातील फटही ठरवते. ती फट शिशाची तार पिस्टनवर ठेवून, चाक हाताने फिरवून आणि चेपलेली तार मोजून तपासतात. नुसत्या तांब्याचे गॅस्केट लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात घातले की पुन्हा मऊ पडते. कडक झालेले तसेच घातले तर गळते.

टॅपेट कव्हर (हेडवरच्या व्हॉल्व्ह-यंत्रणेचे झाकण) व ऑइल चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) यांच्या गॅस्केटांना ८ ते १० न्यूटन-मीटर इतकाच टॉर्क पुष्कळदा पुरतो. जास्त आवळल्यास पत्रा बोल्टाभोवती दबतो आणि गळती वाढते.

जुन्या संमिश्र गॅस्केटाच्या इंजिनांत थोडे चालवल्यानंतर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. कोनाने आवळलेल्यांना पुन्हा हात लावू नये. फेरआवळणीत एकेक बोल्ट पाव फेरा सैल करून मग पुरा आवळतात, नाहीतर अडकलेल्या घर्षणामुळे पाना खोटा आकडा देतो. ॲल्युमिनियमच्या हेडचे हे काम थंड इंजिनावरच करतात. हेड दबल्याने टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांमधली, फट बदलते, त्यामुळे ती त्यानंतर फीलर गेजने नव्याने लावावी लागते.