अन्ननलिकेच्या भिंतीतला बोगदा

परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं, "आता कापाकापी विसरा, लेझरने तोंडातून ऑपरेशन". यातलं तोंडातून तेवढं खरं आहे. लेझर नसतं, आणि कापाकापी तर चांगलीच असते, फक्त ती आतून होते म्हणून बाहेर टाका दिसत नाही. लेझर म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं काहीतरी न दुखणारं, आपोआप होणारं असणार, आणि जाहिरातवाल्यांना हे बरोबर माहितीये. पण या बोलबाल्यात खरी कमाल कशात आहे ते राहूनच जातं, आणि ती मला इतकी आवडते की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. ज्याला आपण सरसकट दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटावर तीनचार छोटी भोकं पाडून, आत कार्बन डायऑक्साइड भरून, कॅमेऱ्यात बघत केलेलं ऑपरेशन. पित्ताशय असं काढायला जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये सुरुवात केली, भारतात मुंबईच्या जेजेमध्ये डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये. दुसरी एंडोस्कोपी, जिच्यात तोंड किंवा गुदद्वार या आधीपासून असलेल्या वाटांनीच आत जायचं. इथे मला बोलायचंय ते एंडोस्कोपीतल्या एकाच ऑपरेशनबद्दल, त्याला पोएम म्हणतात (पर-ओरल एंडोस्कोपिक मायोटॉमी, म्हणजे तोंडातून आत जाऊन स्नायू कापणं), आणि ते अकॅलेझिया नावाच्या आजारावर करतात.

अकॅलेझियात गिळलेलं खाली उतरत नाही. आमच्या नात्यातल्या एका मावशींना हा आजार होता, त्या लग्नाच्या पंगतीत दोन घास झाले की ताटावरून उठून भिंतीशी उभ्या राहायच्या, दोन्ही हात वर करून पाठ ताणायच्या आणि वरून गटागट पाणी प्यायच्या, मग तो घास हळूहळू खाली सरकायचा. रात्री आडवं झाल्यावर दुपारचा भात जसाच्या तसा तोंडात यायचा. कितीतरी वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या, मग कोणीतरी म्हणालं जेवताना नजर लागलीये, अंगारा झाला, उतारा झाला. याचा मला राग येतो, कारण तेवढ्या काळात अन्ननलिका फुगत आणि वाकडी होत जाते आणि पुढचा उपाय अवघड होतो. हा आजार दरवर्षी लाखात साधारण एकाला होतो, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड धरलं तर या हिशोबाने वर्षाला पन्नासहून जास्त नवे पेशंट असणार. घट्ट अन्नाबरोबर पाणीसुद्धा अडकायला लागलं तर पोटाच्या डॉक्टरकडे जाऊन एंडोस्कोपी, बेरियमचा एक्सरे आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी) करून घ्यायची, म्हणजे निदान होतं.

होतं काय, तर अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. ते एरवी आवळलेलं असतं म्हणून जठरातलं ॲसिड वर येत नाही, आणि आपण गिळलं की ते सैल पडतं. सैल पडायचा हुकूम द्यायला भिंतीतल्या मज्जापेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, हो, तोच वायू ज्याच्या शरीरातल्या कामाच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. अकॅलेझियात नेमक्या या पेशी मरतात. आवळायला सांगणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी शिल्लक राहतात, त्यामुळे कडं कायम आवळलेलं आणि वरची नळीही नीट ढकलत नाही.

मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत, मग स्नायूच कापायचा. हे जर्मन सर्जन एर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्येच केलं होतं, पण बाहेरून, म्हणजे पोट उघडून. पुढे तेच लॅप्रोस्कोपीने व्हायला लागलं. मग आतूनच का नाही कापायचं? कारण अन्ननलिकेची आतली त्वचा आणि तिच्यामागचा स्नायू एकाच जागी कापला तर आरपार वाट होते, आणि लाळ, अन्न, जंतू थेट छातीत उतरतात, ते जीवावर बेततं.

यावरचा तोडगा असा, की भोक एका जागी पाडायचं आणि स्नायू दुसऱ्याच जागी कापायचा. पंकज पसरिचा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या टीमने २००७ मध्ये हे डुकरांवर करून दाखवलं आणि जपानमध्ये हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा माणसावर केलं. शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो जशी कसबा-मंडईतल्या इमारतींना हात न लावता त्यांच्या खालून गेली, तसंच इथे आतल्या त्वचेला धक्का न लावता तिच्या मागून जायचं असतं.

पेशंटला पूर्ण भूल देतात. कड्याच्या बरंच वर त्वचेखाली निळा रंग मिसळलेलं सलाइन टोचतात, त्याने त्वचा फुगून स्नायूपासून सुटी होते. मधला विरळ थर निळा होतो आणि स्नायू पांढरा राहतो, म्हणजे आपण कुठल्या थरात आहोत ते डॉक्टरला स्क्रीनवर रंगावरून कळतं, ही युक्ती मला फार सुंदर वाटते. मग दोनेक सेंटीमीटरचा छेद देऊन बोटाएवढ्या जाडीचा स्कोप, म्हणजे कॅमेरा असलेली लवचिक नळी, त्या फटीत शिरतो आणि निळे तंतू कापत बोगदा करत थेट जठरात दोनतीन सेंटीमीटरपर्यंत जातो. सुरी विजेची असते, सेकंदाला काही लाख वेळा दिशा बदलणारा करंट, एवढ्या वेगाला मज्जातंतू प्रतिसादच देत नाहीत म्हणून शॉक बसत नाही. वाट फुगवायला साधी हवा न वापरता कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो चुकून छातीत शिरला तरी रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो, हवेतला नायट्रोजन मात्र बराच वेळ अडकून बसतो.

आता बोगद्यातूनच, पण वरच्या छेदाच्या काही सेंटीमीटर खालून, गोल स्नायूचे धागे कापायला सुरुवात करतात ते पार कड्याच्या पलीकडे. बाहेरचे उभे धागे शक्यतो ठेवतात, आवळायचं काम गोल धाग्यांचंच असतं. स्कोप मागे घेतला की त्वचा आपली परत स्नायूवर बसते, कापलेल्या जागेवर अख्खी त्वचा आणि छेदाच्या जागेमागे अख्खा स्नायू, आरपार वाट कुठेच नाही. वरचा छेद छोट्या धातूच्या क्लिपांनी बंद करतात, त्या नंतर आपोआप गळून पडतात.

हे पुण्यातही मोठ्या हॉस्पिटलांत होतं, पण याची दुसरी बाजू फॉरवर्डमध्ये नसते. कडं कापलं की ॲसिड वर यायला मोकळी वाट मिळते. हेलरच्या ऑपरेशनमध्ये सर्जन जठराचा थोडा भाग वळवून अडसर तयार करतात, पोएममध्ये तसा नसतो. २०१९ मध्ये आलेल्या एका युरोपीय चाचणीत दोन वर्षांनी दोन्हींचं यश जवळपास सारखंच होतं, पोएमचं ८३ आणि हेलरचं ८२ टक्के, पण ॲसिडने अन्ननलिका सुजलेली दिसली ती पोएमवाल्यांत ४४ टक्के आणि हेलरवाल्यांत २९ टक्के. म्हणून बऱ्याच जणांना ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या पुढेही घ्याव्या लागतात. शिवाय वरच्या नळीचं ढकलणं बहुतेकांचं पूर्ववत होत नाही, अन्न वजनानेच खाली जातं, त्यामुळे सरळ बसून सावकाश जेवायचं, जेवल्यावर दोनतीन तास आडवं व्हायचं नाही, आणि जुना आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा परत एंडोस्कोपी करून घ्यायची, कारण अशा अन्ननलिकेत कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि स्नायू कापल्याने तो संपत नाही.