शालेय छळ : ओळख व प्रतिकाराचे शिक्षण

एका मुलाला इतरांनी जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा त्रास देणे आणि त्याला स्वतःचा बचाव करणे अवघड जाणे, म्हणजे शालेय छळ. हेतू, सातत्य आणि बळातील विषमता ही त्याची तीन लक्षणे सामान्यतः मानली जातात. इंग्रजीत ज्याला ‘बुलिंग’ म्हणतात, त्याला मराठीत नेमका शब्द नाही. ‘दादागिरी’त मारहाण येते, पण डब्याच्या सुट्टीत कोणी शेजारी बसू न देणे येत नाही, ‘रॅगिंग’ने कॉलेज-वसतिगृहच डोळ्यांपुढे येते.

संज्ञेचा वाद : स्वीडिश डॉक्टर पेटर-पाउल हाइनेमान यांनी १९६९ च्या सुमारास शाळकरी मुलांच्या झुंडवर्तनासाठी ‘मॉबनिंग’ हा शब्द वापरला. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कॉनरॅड लोरेन्ट्स यांच्या लेखनातून तो आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लहान पक्षी थव्याने घुबडावर तुटून पडतात, तसे काहीसे चित्र त्यामागे होते. छळाचे अभ्यासक, मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांना ही कल्पना पटली नाही. झुंड क्षणिक असते. छळ मात्र बहुधा ठरावीक एकदोन मुले महिनोन्‌महिने करतात आणि झुंडीवर बोट ठेवले की त्यांची जबाबदारी हरवते, असा त्यांचा आक्षेप होता. वाद केवळ शब्दाचा नाही. छळ एकट्याचा मानला तर त्या मुलाला आवर घालायचा. गटाचा मानला तर सगळा वर्ग शिकवायचा. क्रिस्टिना साल्मिवाली व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये फिनलंडमधील सहावीच्या ५७३ मुलांच्या अभ्यासातून मांडलेली भूमिकांची विभागणी या दोहोंतील अधिक समाधानकारक मार्ग वाटते : छळणारा, त्याचा मदतनीस, हसून साथ देणारा, बाजूला राहणारा, पाठराखण करणारा आणि छळ सोसणारा.

नॉर्वे : १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, सोबत्यांकडून झालेला तीव्र छळ हे त्यामागचे संभाव्य कारण मानले गेले. १९८३ मध्ये देशव्यापी छळविरोधी मोहीम सुरू झाली. बर्गेनमधील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांच्या पाहणीत ओल्वेउस यांना छळ जवळपास निम्म्याने घटलेला दिसला. त्याच मोहिमेचे नॉर्वेच्याच रोगालांड भागातील निष्कर्ष इतके आशादायक नव्हते. दोन्हीकडची अंमलबजावणी सारखी नसल्याने बर्गेनचा आकडा जपूनच वापरावा.

किवा : तुर्कू विद्यापीठात २००६ पासून घडवलेला आणि २००९ पासून फिनलंडभर नेलेला कार्यक्रम. नाव ‘छळाविरुद्ध’ या अर्थाच्या फिनिश शब्दांवरून पडले. ‘किवा’चा अर्थ ‘छान’ असाही होतो. यात बघ्यांवर भर असतो, आणि तो रास्त आहे. टोरांटोच्या शाळांतील चित्रित प्रसंगांत सोबत्याने मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला होता. किवात वर्गात चर्चा आणि नाट्यप्रसंग होतात. मधल्या सुट्टीत देखरेख करणारे शिक्षक ठळक रंगाचे जाकीट घालतात, म्हणजे लांबूनही दिसतात. प्रकरण उघडकीस आल्यावर शिक्षकांचा गट आधी सोसणाऱ्याशी बोलतो, मग छळणाऱ्यांशी एकेकट्याने. शिवाय दोन ते चार भल्या वर्गमित्रांना सोसणाऱ्याच्या सोबतीला राहायला सांगितले जाते.

मुलांना काय शिकवायचे : पहिला धडा फरकाचा. मस्करीत दोघे हसतात आणि ‘पुरे’ म्हटल्यावर ती थांबते. कंपासपेटी रोज लपते, तीही एकाचीच, आणि हसतात फक्त इतर, तेव्हा ती मस्करी राहिलेली नसते. दुसरा धडा आपल्याकडे फार गरजेचा : चहाडी आणि मदत मागणे वेगळे. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी. कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणे ही मदत. ‘चहाडखोर’ म्हणवून घेण्याच्या धास्तीने कित्येक मुले गप्प राहतात. बघ्या मुलाने छळणाऱ्याला भिडावे, अशी अपेक्षा ठेवू नये. न हसणे, ‘चल, आपण खेळू’ म्हणून सोसणाऱ्याला तिथून नेणे, नंतर त्याच्यासोबत बाईंकडे जाणे, एवढे सात वर्षांच्या मुलालाही जमते. ‘तूही दोन ठेवून दे’ हा घरचा सल्ला टाळावा. बळ विषम असते म्हणूनच तर तो छळ असतो.

भारत : कायद्याचे लक्ष प्रामुख्याने रॅगिंगकडे राहिले, महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये संलग्न शाळांना छळविरोधी समित्या नेमण्यास सांगितले. अडचणीतील मुलांसाठी १०९८ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे.