खाडा पडल्यानंतर परत येताना
(आमच्या जिमच्या सभासदांसाठी)

"मध्ये आठ-दहा दिवस खाडा पडला. आता सगळं पहिल्यापासून का?" काउंटरवर हा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतं. पहिल्यापासून काही नाही. विचारायला येणाऱ्यांची आम्हाला काळजीही नसते. काळजी असते ती "आपल्याला सातत्य जमतच नाही" असं परस्पर ठरवून येणंच बंद करणाऱ्यांची.

सवय २१ दिवसांत लागते, हे ऐकून बरेच जण येतात आणि बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की स्वतःलाच दोष देतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांच्या अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत फरकही खूप होता. एखादा दिवस चुकल्यानं मात्र सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही.

खरं नुकसान करते ती भरपाई. आठ दिवसांनी आलेला माणूस पहिल्याच दिवशी दुप्पट सेट मारतो, वर ट्रेडमिलवर अर्धा तास जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की जिना उतरवत नाही. सवय मोडल्यावर केलेल्या जोरकस व्यायामाची दुखी साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते. मग पुन्हा चार दिवस सुट्टी, आणि "बघा, मला झेपतच नाही" यावर शिक्कामोर्तब! वास्तविक खाड्याआधी नेहमीचा व्यायाम झेपत होता. यात ट्रेनरचाही वेळ जातो, कारण तुमचं वेळापत्रक पुन्हा नव्यानं मांडावं लागतं.

म्हणून परत येण्याच्या दिवशी आमच्याकडे निम्मं वजन, निम्मे सेट आणि वीस मिनिटांत सुट्टी. "पैसे पूर्ण आणि व्यायाम अर्धा?" हे आम्ही ऐकून घेतो; नियम बदलत नाही. 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काही जमवून दाखवल्यानं, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं. दुसऱ्यानं दिलेलं प्रोत्साहन त्यामानानं लवकर विरतं. आमच्या भिंतींवर स्फूर्तिदायक वाक्यं नाहीत, ती याचमुळे. त्याऐवजी प्रत्येकाला एक वही मिळते. तारीख, वजन, किती वेळा उचललं, एवढंच त्यात लिहायचं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था सरावल्यामुळे, स्नायूंचा आकार फारसा बदलत नाही. त्यामुळे आरशात काही दिसत नसलं तरी वहीत आकडा वर सरकलेला असतो. आरशापुढे उभं राहून निराश होण्याआधी ती चाळा.

आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वाचून काहींना धडकी भरते. काहीच न करण्यापेक्षा थोडा व्यायामही बरा, हे त्याच २०२० च्या शिफारशींत स्पष्ट म्हटलं आहे. दोन दिवस आलात तरी चालेल, पण वार ठरवून या.

हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. आजारपण किंवा प्रवासामुळे येता येणार नसेल तर आधी कळवा, तेवढे दिवस सभासदत्वात पुढे वाढवून देतो. चार लोकांसमोर व्यायाम करायला संकोच वाटणाऱ्यांनी दुपारची बॅच घ्यावी. तिथे गर्दी कमी असते आणि ट्रेनरही निवांत भेटतो.