चिवळ म्हणजे कोवळी घोळ नव्हे

चिवळ वाफ्यात महिनाभर राहू दिली की तिचीच घोळ होते, असे विदर्भातील गावांत आजही ऐकायला मिळते. हा समज चुकीचा आहे. दोन्ही रानभाज्या एकाच कुळातील असल्या, तरी जाती वेगळ्या आहेत. चिवळीची बारीक पाने समोरासमोर येतात, पेरापेराशी पांढऱ्या केसांचा झुपका असतो आणि भर उन्हात उमलणाऱ्या तिच्या पिवळ्या फुलाला चार पाकळ्या असतात. घोळीची पाने मोठी, चमच्यासारखी असून फुलाला बहुधा पाच पाकळ्या येतात. एकदा फूल हाती धरून पाहिले की शंका राहत नाही.

दोन्हींचे बी अतिशय बारीक असल्याने ते राखेत किंवा वाळूत मिसळून वाफ्यावर नुसते विखरावे, कारण खोल गाडल्यास कोंब वर येत नाही.

घोळीची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. पाण्याचा ताण पडला की ती रात्री हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते, म्हणून पहाटे खुडलेली भाजी संध्याकाळच्या भाजीपेक्षा आंबट लागते.

खुडताना देठ मोडून पाहावा; पांढरा चीक निघाला तर ते दुसरेच तण आहे, ते खाऊ नये. घोळीत ऑक्झलेट भरपूर असल्यामुळे मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेताने, उकळून पाणी टाकून खावी.