स्कीपटूंचा पट्टा श्वासाच्या सरावात कसा आला

छातीला पट्टा बांधायचा, फोनवर ॲप उघडायचं आणि पडद्यावर फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या वर्तुळाबरोबर मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घ्यायचे. श्वासागणिक हृदयाची गती कशी चढते-उतरते, तेही शेजारी दिसत राहतं. याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी बायोफीडबॅक, थोडक्यात एचआरव्ही बायोफीडबॅक म्हणतात. यातला पट्टा फिनलंडचा, पद्धत मुख्यतः रशियाची, आणि दोघांची गाठ पडली बऱ्याच उशिरा.

श्वास घेताना नाडी जलद होते आणि सोडताना मंदावते, ही माहिती जुनीच. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवणारं यंत्र बनवून १८४७ साली कुत्र्यांमध्ये याची नोंद केली. माणसाच्या हृदयाचे विद्युतसंकेत नीट टिपायला विसावं शतक उजाडलं. विलेम आइंटहोवेन यांचं नेदरलँड्समधलं ईसीजी यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरातलं. रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवावं लागे. आजचा पट्टाही बांधण्याआधी पाण्याने ओला करावा लागतो. कारण तेच, कोरड्या कातडीतून संकेत नीट मिळत नाही.

मराठी वाचकाला या इतिहासात लोणावळा भेटतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायामाला प्रयोगशाळेत नेलं. १९५७ साली अमेरिकेतले संशोधक वेंगर आणि बागची योग्यांच्या चाचण्या घ्यायला भारतात आले, ते लोणावळ्यालाही गेले. दिल्लीच्या आनंद यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्यांपैकी कुणाचंही हृदय थांबलेलं नव्हतं. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होते. ईसीजीवर ठोके मात्र चालूच असतात. ‘पोल उघडी पडली’ एवढाच अर्थ यातून काढणं मला उथळ वाटतं. हृदयाला थेट हुकूम देता येत नसला तरी श्वासाच्या आडून त्याच्यापर्यंत पोचता येतं, हे ईसीजीच्या त्या कागदांवर स्पष्ट दिसत होतं.

पुढचा धागा सोव्हिएत रशियातला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लेनिनग्राडमध्ये येवगेनी वाशिलो यांनी अंतराळवीरांच्या संदर्भात प्रयोग केले. समोरच्या पडद्यावर एक लाट सरकायची आणि माणसाने आपली हृदयगती तिच्याबरोबर हलवायची. लाटेचा वेग बदलत गेल्यावर आढळलं की दहा सेकंदांच्या आसपासच्या लाटेला हृदयगतीचे हेलकावे सर्वांत मोठे होतात. कारण रक्तदाबाच्या नियंत्रणात आहे. दाब वाढला की मानेतल्या धमन्यांमधले संवेदक हृदयाला मंद करतात, पण त्याचा परिणाम रक्तदाबावर दिसायला साधारण पाच सेकंद जातात. दाब खाली येऊन पुन्हा वर जाईपर्यंत दहा. श्वासही त्याच लयीत घेतला तर झोक्याला नेमक्या क्षणी रेटा दिल्यासारखं होतं. पुढे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल लेहरर यांनी वाशिलो दांपत्याबरोबर २००० साली या सरावाची सविस्तर कृती प्रसिद्ध केली. प्रत्येकाची लय थोडी वेगळी, बहुतेकांची मिनिटाला साडेचार ते साडेसहा श्वासांमधली. ती शोधून मगच सराव करायचा. ‘सगळ्यांना सहा’ ही ॲपवाल्यांनी केलेली सोय आहे.

पट्टा निघाला तो मात्र मैदानासाठी. स्की करताना खेळाडूची नाडी मोजता येत नाही, ही एका प्रशिक्षकाची अडचण फिनलंडमधल्या ओउलूचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी मनावर घेतली. १९७७ साली त्यांनी पोलार कंपनी काढली आणि १९८२ साली स्पोर्ट टेस्टर पीई २००० हे बिनतारी उपकरण बाजारात आलं. जुन्या पट्ट्यांची रचना साधी होती: हृदयाचा ठोका पडला की पट्टा एक संकेत सोडणार आणि मिनिटाचा आकडा घड्याळ काढणार.

श्वासाच्या सरावाला मिनिटाचा आकडा फारसा उपयोगी नाही. नाडी ६० दिसत असताना दोन ठोक्यांमधलं अंतर श्वास घेताना ९२० मिलिसेकंद आणि सोडताना १०८० असू शकतं. सरासरी काढली की नेमकं हेच पुसलं जातं. पट्टा ईसीजीचं टोकदार शिखर पकडतो, म्हणून हे अंतर बारकाईने मिळतं. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने रक्ताची लाट बघते, हात हलला की तिथे गडबड होते. २०१०नंतर कमी वीज खाणारं ब्लूटूथ आलं, आणि हृदयगती पाठवण्याच्या त्याच्या सामायिक पद्धतीत हे अंतर सेकंदाच्या १०२४व्या भागात पाठवायची तरतूद झाली. दवाखान्यातल्या उपकरणावाचून अडलेलं काम मग फोनवर होऊ लागलं. मात्र ही तरतूद ऐच्छिक आहे. काही स्वस्त पट्टे नुसता मिनिटाचा आकडा पाठवतात, त्यावर ॲपमधली लाट खरी उमटत नाही. घेण्याआधी ‘आरआर इंटर्व्हल’, म्हणजे हेच दोन ठोक्यांमधलं अंतर, मिळतो का, एवढं विचारून घ्यावं. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर हे आकडेच फसवे निघतात. तिथे आधी डॉक्टरांना विचारायचं.