क्रायोनिक्स (सोलापूर परिसराच्या संदर्भात)

कायदेशीर मृत्यूनंतर देह किंवा केवळ मस्तक द्रव नायट्रोजनमध्ये (–१९६° से.) ठेवून पुढील काळातील वैद्यकावर भिस्त ठेवण्याची पद्धती. जिवंत शरीराच्या क्रिया तात्पुरत्या थांबवून पुन्हा सुरू करण्याचे संशोधन तिच्या शेजारचे असले, तरी वेगळे आहे.

उगमाबाबत एकमत नाही. श्रेय सामान्यतः रॉबर्ट एटिंजर यांच्या १९६४ मधील पुस्तकाला दिले जाते. पण त्याची खाजगी आवृत्ती १९६२ ची असून त्याच वर्षी एव्हन कूपर यांनीही हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. काही लेखक हा धागा स्कॉटिश शल्यविशारद जेम्स ब्रेड यांच्या मानवी शीतनिद्रेवरील १८५० मधील पुस्तिकेपर्यंत नेतात. तिचा बराच भर रणजितसिंहांच्या लाहोरात १८३७ च्या सुमारास जमिनीत पुरून घेतलेल्या फकिराच्या हकिगतीवर आहे. पुरलेले दिवस किती, याविषयी वृत्तांत जुळत नाहीत. दिल्लीत १९६१ मध्ये हवाबंद पेटीत बसवलेल्या रामानंद योगींचा ऑक्सिजनचा वापर घटल्याचे नोंदले गेले. क्रिया थांबल्याचे मात्र नाही. तेव्हा तंत्राचा आरंभ १९४९ पासून, म्हणजे ग्लिसरॉलमुळे गोठलेले शुक्राणू टिकतात हे आढळल्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

याच शोधाचा व्यवहारातला भाग सोलापूर जिल्ह्याला परका नाही. खिलार जनावरांच्या या पट्ट्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच –१९६° ला नायट्रोजनच्या टाकीत असतात. अर्थात पेशी टिकणे आणि मेंदू टिकणे यांत मोठे अंतर आहे. काचीभवनाने (बर्फाचे स्फटिक होऊ न देता काचेसारखे घट्ट करून) गोठवून शंभर दिवसांपर्यंत ठेवलेली उंदराची मूत्रपिंडे प्रत्यारोपणानंतर चालू लागल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अखंड सस्तन प्राणी अशा रीतीने परत आलेला नाही.

सिद्धेश्वर तलावातील मंदिराच्या आवारात सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. त्यांचा काळ बहुधा बारावे शतक. जन्म व समाधीच्या वर्षांबाबत मतभेद आहेत. क्रायोनिक्सच्या प्रचारासाठी या परंपरेचा दाखला देण्याचा मोह टाळावा. लिंगायत समाजात देह बसवून पुरतात खरा, पण लिंगैक्य (शिवाशी एकरूप होणे) म्हणजे परतीची प्रतीक्षा नव्हे.

क्रायोनिक्सला जनाधार मिळवायचा तर वाट बहुधा तातडीच्या उपचारांतून जाईल. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे प्रचंड रक्तस्राव झालेल्या रुग्णांचे शरीर सुमारे १०° से.पर्यंत थंड करून शस्त्रक्रियेला अवधी मिळवण्याची चाचणी चालली; पहिल्या वापराची बातमी २०१९ मध्ये आली. महामार्गांवरील अपघातांचे जखमी येणाऱ्या शहराला याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. मृतदेह साठवण्यावरचा विश्वास मात्र कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ प्रकरणाने (१९७९) डळमळला; तिथे निगराणीअभावी नऊ देह वितळून कुजले होते. शिवाय सोलापुरात मे महिन्यात पारा बहुधा ४०° से.च्या वर असतो, त्यामुळे मृत्यूनंतरचे पहिले काही तास अधिकच घातक ठरतात.

देहदान येथे रूढ होऊ शकेल अशी सोय आहे : डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्था. १९६३) व १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा. त्या कायद्यातील हेतू शिक्षण, उपचार व संशोधन हे आहेत. व्यक्तीच्या स्वतःच्या पुनरुज्जीवनासाठी देह जतन करण्याची तरतूद त्यात नाही.