एकाच काट्याच्या अनेक चाली

जुना मोबाईल स्पीकरजवळ ठेवला की फोन वाजायच्या आधीच स्पीकर ‘टिर्रर्र टिक टिक’ करायचा, आठवतंय? तो जीएसएमचा, म्हणजे टूजी मोबाईलच्या पद्धतीचा आवाज. या पद्धतीत एकाच चॅनेलवर आठ जण आळीपाळीने बोलतात. त्यामुळे बोलणं चालू असताना फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहानलहान झटक्यांत लहरी सोडतो, आणि स्पीकरच्या वायरी ते झटके पकडतात. फोरजी आल्यापासून हा आवाज क्वचितच ऐकू येतो. पण बहुतेक फोनांत फोरजीच्या शेजारी जीएसएम अजून आहेच, शिवाय वायफाय आणि ब्लूटूथही. प्रत्येकासाठी वेगळा मॉड्युलेटर, म्हणजे शून्य-एकची माहिती रेडिओलहरीवर चढवणारी यंत्रणा, ठेवायचा म्हटला तर चिपवरची जागाही जाते आणि पैसाही. मग या सगळ्यांत सामाईक काय, ते शोधावं लागतं.

सामाईक आहे तो एक काटा. कुठल्याही क्षणी रेडिओलहरीबद्दल दोनच गोष्टी सांगाव्या लागतात: ती किती जोरकस आहे आणि आपल्या फेऱ्यात कुठवर पोचली आहे. घड्याळाच्या काट्याची लांबी आणि दिशा म्हणा ना! टोक पूर्वेला किती, उत्तरेला किती, असे दोन आकडे दिले तरी तेच. मॉड्युलेटरला फक्त हे आकडे भराभर पुरवायचे. पद्धत बदलली की आकड्यांची चाल बदलते, यंत्र तेच राहतं.

जीएसएमची चाल सगळ्यात साधी. काट्याची लांबी कायम, प्रत्येक बिटला तो साधारण ९० अंश इकडे किंवा तिकडे वळतो. लांबी बदलत नसल्यामुळे पुढचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे लहरीची ताकद वाढवणारं सर्किट, बिनधास्त पूर्ण ताकदीने चालवता येतो, आणि तसा चालला की तो बॅटरी कमी वाया घालवतो.

फोरजी आणि वायफायचं तसं नाही. तिथे शेकडो बारीक लहरी एकत्र सोडल्या जातात. शंभर ढोल आपापल्या ठेक्यात वाजताहेत आणि मध्येच एखादा ठोका सगळ्यांचा एकदम पडतो, तसा काटा अचानक लांबलचक होतो. त्या एका क्षणासाठी अ‍ॅम्प्लिफायरला कायम राखीव ताकद ठेवावी लागते. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी रोज मोठं पातेलं गॅसवर चढवावं, तसा हा प्रकार. म्हणूनच फोरजीत फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींना आधी एक जादा गणिती संस्कार देऊन ही उसळी कमी केली जाते. टॉवरला वीज मिळते, फोनला बॅटरी. हा फरक पद्धत ठरवतानाच लक्षात घेतला गेला.

दुसरा उपाय म्हणजे लांबी आणि दिशा वेगळी करायची. दिशा कायम लांबीच्या लहरीवर चढवायची, आणि लांबीप्रमाणे अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा कमी-जास्त करायचा. लिओनार्ड कान यांनी १९५२ मध्ये ही कल्पना मांडली. कागदावर ती सुंदर दिसते. पण काट्याचं टोक केंद्राजवळून गेलं की दिशा एका क्षणात जवळजवळ उलटी होते, आणि एवढी वेगवान गिरकी पकडायला सर्किट फार चपळ लागतं. जीएसएमच्या पुढच्या पायरीवर, एज पद्धतीत, यावर छान युक्ती आहे. काटा आठ दिशांपैकी एक निवडतो, पण दर वेळी त्या आठही दिशा मिळून ६७.५ अंशांनी फिरवल्या जातात. त्यामुळे नेमकी १८० अंशांची उडी कधीच पडत नाही आणि टोक केंद्रातून जात नाही. मला ही सगळ्यात आवडते.

पूर्व-उत्तरेच्या आकड्यांवरून लांबी आणि दिशा काढायची तर गुणाकार, वर्गमूळ, त्रिकोणमिती आली. जॅक व्होल्डर यांनी विमानाच्या दिशादर्शक संगणकासाठी शोधलेली, १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली कॉर्डिक रीत इथे उपयोगी पडते. काटा आधी ४५ अंश, मग सुमारे २६.६, मग १४, असा निम्म्या-निम्म्याने इकडेतिकडे वळवत नेमक्या जागी आणायचा. हे कोन असे निवडलेत, की प्रत्येक वळणाला फक्त बेरीज आणि आकडे सरकवणं एवढंच लागतं.

खरी डोकेदुखी ताल जुळवण्याची. जीएसएमचा वेग सेकंदाला २,७०,८३३ बिट, म्हणजे २६ मेगाहर्ट्झ भागिले ९६. म्हणून फोनमध्ये सगळ्यांना ताल देणारं क्रिस्टल २६ मेगाहर्ट्झचं रूढ झालं. फोरजीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलला आकडे पुरवायचा वेग हवा ३०.७२ मेगाहर्ट्झ. त्यासाठी २६ ला ३८४ ने गुणून ३२५ ने भागावं लागतं, म्हणजे मधले आकडे अंदाजाने भरणारं आणखी एक सर्किट आलं. ३८.४ चं क्रिस्टल घेतलं तर फोरजी सुटसुटीत बसतं, पाचास चार या प्रमाणात, आणि मग जीएसएम अडून बसतं.